वाचकांचे प्रश्न : सालेर्नो प्रांत, अमाल्फी आणि त्याच्या पुढे

इटलीच्या कॅम्पानिया विभागातल्या सालेर्नो प्रांताबद्दल या वेळी बरीच पत्रं आली आणि जवळपास सगळी अमाल्फीच्या किनाऱ्याबद्दल होती. तो किनारा म्हणजे प्रांताचा वायव्येकडचा एक चिंचोळा कोपरा. प्रांतात एकूण १५८ नगरपालिका आहेत. अमाल्फी किनाऱ्याच्या आग्नेयेला सेले नदीचं सपाट खोरं आहे आणि त्याच्याही खाली सापरीपर्यंत चिलेन्तोचा डोंगराळ मुलूख पसरला आहे. म्हणून उत्तरं देताना आम्ही मुद्दाम तिकडेही वळलो आहोत.

प्रश्न : आम्ही चौघं जूनमध्ये पाच रात्रींसाठी जाणार आहोत. पोझितानोत राहावं की अमाल्फीत?

दोन्हीकडे नको, सालेर्नो शहरात राहा. रोमहून वेगवान रेल्वे थेट सालेर्नोला येते, साधारण दोन तासांत. नेपल्सहून तर पाऊण तासही लागत नाही. अमाल्फी, पोझितानोला रेल्वेच नाही. या किनाऱ्यावरचं एकमेव स्टेशन व्हिएत्री सुल मारेला आहे आणि व्हिएत्री सालेर्नोला खेटूनच आहे. म्हणजे पोझितानोत खोली घेतलीत तर सामान घेऊन बस किंवा बोट पकडायची, आणि उतरल्यावर पायऱ्या चढायच्या. पोझितानोत गाडी जाईल असा रस्ता जवळपास एकच. बाकी गाव पायऱ्यांवर उभं आहे. ‘समुद्र दिसणारी खोली’ असं जाहिरातीत लिहिलेलं असतं, ती खोली रस्त्यापासून दोनशे पायऱ्या वर आहे हे लिहिलेलं नसतं. तिकडेच राहायचं पक्कं असेल तर पैसे भरण्याआधी मालकाला एकच प्रश्न विचारा : गाडी थांबते तिथून दारापर्यंत किती पायऱ्या, आणि चढून की उतरून? सामान उचलणारे हमाल मिळतात, पण ते नगावर पैसे घेतात.

सालेर्नोचा आणखी फायदा म्हणजे इथून पश्चिमेला किनारा आणि दक्षिणेला पेस्तुमची प्राचीन ग्रीक देवळं, दोन्ही सारखीच सोयीची. पाच रात्रींत मधले चार दिवस पूर्ण हाती लागतात : दोन किनाऱ्याला, एक पेस्तुमला, एक सालेर्नोला. किनाऱ्यावरची संध्याकाळ हवीच असेल तर शेवटच्या दोन रात्री मायोरी किंवा मिनोरीत काढा. ही गावं सपाटीवर आहेत, लोक बारा महिने राहतात, आणि मायोरीचा समुद्रकिनारा या पट्ट्यात सर्वांत लांब आहे. मुक्कामाचा स्थानिक कर खोलीच्या भाड्यात धरलेला नसतो. तो माणशी, रात्रीच्या हिशेबानं तिथेच द्यावा लागतो, म्हणून थोडे सुटे युरो जवळ असू द्या.

प्रश्न : सालेर्नोहून अमाल्फी, पोझितानोला बसनं जावं की बोटीनं?

बोटी चालू असतील तेव्हा बोटीनंच जा. त्या साधारण एप्रिल ते ऑक्टोबर चालतात. अमाल्फीला पस्तीसेक मिनिटं, पोझितानोला सत्तरेक. किनाऱ्याची रचनाही समुद्रावरूनच नीट कळते : सरळ कडा, कड्यात चिरलेली दरी, दरीच्या तोंडाशी गाव.

सालेर्नोत बोटीचे दोन धक्के आहेत. पियात्सा देल्ला कोंकोर्दिया हा स्टेशनपासून पायी पाच मिनिटांवर. दुसरा मोलो मानफ्रेदी, शहराच्या पार पश्चिम टोकाला, झहा हदीद यांनी आराखडा केलेल्या बंदर इमारतीजवळ. तिकिटावर कोणता धक्का लिहिला आहे ते आदल्या रात्रीच बघा. एकावरून दुसऱ्याकडे धावत जाण्याइतके ते जवळ नाहीत. सकाळच्या पहिल्या बोटीनं आधी पोझितानो गाठा, दुपारी अमाल्फी करा आणि संध्याकाळी तिथून परता. उलट केलंत तर पोझितानोत नेमके भर गर्दीत पोहोचाल. समुद्र खवळला की फेऱ्या रद्द होतात, आणि नैर्ऋत्येचा वारा सुटला की हे हमखास होतं. त्या दिवशी शहर किंवा पेस्तुम करावं, किनारा दुसऱ्या दिवशी.

बस सिता सूद कंपनीची. तिकीट चालकाकडून मिळेल या भरवशावर चढू नका. तंबाखूच्या दुकानात (दारावर मोठा पांढरा ‘टी’ असलेली पाटी असते), वर्तमानपत्राच्या टपरीवर किंवा ॲपवर आधी काढा. कागदी तिकीट असेल तर बसमधल्या यंत्रात शिक्का मारून घ्या. शिक्का नसलेलं तिकीट म्हणजे विनातिकीट प्रवास, त्याला दंड आहे. सालेर्नो ते अमाल्फी सव्वा तास धरा. जाताना समुद्र डाव्या हाताला, येताना उजव्या. वळणांचा त्रास होणाऱ्यांनी पुढच्या बाकावर बसावं आणि निघण्याआधी पोटभर खाऊ नये. पोझितानोसाठी अमाल्फीत बस बदलावी लागते. उन्हाळ्यात परतीची बस अमाल्फीतूनच धरा, कारण ती तिथूनच सुटते. मधल्या थांब्यावर उभे राहिलात तर भरलेली बस न थांबता पुढे जाते, आणि पुढचीही तशीच आली तर दीड तास रस्त्यावर.

राव्हेल्लो हे गाव साडेतीनशे मीटर उंचीवर आहे, तिथे बोट कशी जाणार! अमाल्फीहून बसनं वर जा आणि उतरताना पायऱ्यांनी मिनोरीपर्यंत चालत या. तासाभराची वाट आहे. राव्हेल्लोत बहुतेक जण व्हिल्ला रुफोलोची बाग पाहून परततात. बाग सुंदर आहेच. १८८० साली जर्मन संगीतकार वाग्नर इथे आला तेव्हा त्याला आपल्या ऑपेऱ्यातली जादूची बाग सापडल्यासारखी वाटली, आणि १९५३पासून इथे संगीत महोत्सव भरतो. पण शेजारच्या कॅथेड्रलकडे पाठ फिरवू नका. बारिसानो दा त्रानीचा ११७९चा कांस्याचा दरवाजा आणि सिंहांच्या पाठीवर पेललेलं १२७२चं प्रवचनपीठ, असं काम एका लहानशा डोंगरी गावात कसं आलं हे बघितल्यावरच अमाल्फीच्या जुन्या व्यापाराची श्रीमंती कळते.

प्रश्न : भाड्याची गाडी घेतली तर?

किनाऱ्यासाठी नको, चिलेन्तोसाठी जरूर. किनाऱ्याचा एसएस १६३ हा रस्ता १९व्या शतकात बूर्बोन राजवटीत झाला, तोही त्या काळच्या बग्ग्यांच्या मापाचा. आता गर्दीच्या काळात तिथे सम-विषमचा नियम आहे : ऑगस्टमध्ये रोज, आणि १५ जून ते सप्टेंबरअखेर शनिवार-रविवारी, सकाळी १० ते संध्याकाळी ६ या वेळात नंबरपाटीच्या शेवटच्या आकड्यानुसार गाड्यांना बंदी असते. ईस्टरच्या आठवड्यात आणि एप्रिलअखेरच्या सुट्ट्यांतही तो लागू होतो. टॅक्सी आणि चालकासह भाड्यानं घेतलेल्या गाड्यांना सूट आहे. दरवर्षीचा आदेश पाहूनच बेत करा.

दुसरी अडचण झेडटीएलची. जुन्या वस्तीत परवान्याशिवाय गाडी नेण्यास मनाई असते, कॅमेरा नंबर टिपतो, आणि दंडाची नोटीस भाड्याच्या कंपनीमार्फत काही महिन्यांनी घरी येते, कंपनीचं शुल्क वर लावून. लाल वर्तुळाची पाटी दिसली की थांबा. गाडी चालवण्याच्या आपल्या परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय वाहन परवानाही जवळ हवा.

प्रश्न : ऑक्टोबरच्या शेवटी जावं का? तिथे दरडी कोसळतात असं वाचलं. खरं का?

खरं आहे, आणि त्यामागची कारणं समजून घेतली तर प्रवासही शहाणपणानं आखता येतो.

किनाऱ्यामागचे लात्तारी डोंगर चुनखडीचे आहेत, समुद्रातून जवळपास भिंतीसारखे उठलेले. त्यांच्या उतारांवर व्हेसुव्हियसच्या उद्रेकांनी राख आणि हलका सच्छिद्र दगड आणून टाकला. इसवी सन ७९चा उद्रेक त्यांतलाच. म्हणजे खाली कठीण खडक, वर सैल मातीचा पातळ थर. उन्हाळाभर कोरडं, आणि शरदात समुद्र अजून कोमट असताना दमट वारा या भिंतीवर येऊन आदळतो. मग काही तासांत प्रचंड पाऊस कोसळतो, वरचा थर खडकावरून सुटतो आणि चिखल होऊन दरीतून खाली येतो. २५ ऑक्टोबर १९५४च्या रात्री सालेर्नो, व्हिएत्री, मायोरी परिसरात तीनशेहून जास्त माणसं गेली. ५ मे १९९८ रोजी डोंगराच्या पलीकडे सार्नो आणि आसपासच्या गावांत १६० बळी गेले. सप्टेंबर २०१०मध्ये अत्रानीच्या रस्त्यांवरून ओढा धावला. अत्रानी क्षेत्रफळानं इटलीतली सर्वांत लहान नगरपालिका, जेमतेम ०.१२ चौरस किलोमीटर. गावाचा ओढा रस्त्याखाली झाकलेला आहे. अमाल्फीचा मुख्य रस्ताही असाच झाकलेल्या ओढ्यावर आहे. पाणी मावेनासं झालं की रस्ता हाच ओढा होतो.

म्हणून पाहुण्यांनी काय करावं? कॅम्पानियाचं नागरी संरक्षण खातं पिवळा, नारिंगी, लाल असे इशारे देतं. हॉटेलात विचारलं तरी कळतं. नारिंगीच्या दिवशी डोंगरवाटा आणि ओढ्याच्या मुखाजवळची चौपाटी टाळा. दरड पडली की एसएस १६३ बंद होतो आणि बसही बंद, त्यामुळे विमानाच्या आदल्या रात्री किनाऱ्यावर मुक्काम ठेवू नका. ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा बहुधा छान जातो, समुद्रात पोहताही येतं. महिनाअखेरीस जायचं तर एक दिवस मोकळा ठेवा. नोव्हेंबर ते मार्च बोटी नाहीत, पुष्कळ हॉटेलंही बंद.

याच विषयाशी लिंबाच्या बागांचा संबंध आहे. डोंगरउतारावर दिसणाऱ्या पायऱ्या-पायऱ्यांच्या शेतांना मातीचूना न वापरता रचलेल्या दगडी भिंतींचा आधार असतो. फटींतून पाणी हळूहळू झिरपतं आणि माती जागेवर राहते. चेस्टनटच्या खांबांच्या मांडवाखाली लांबट, टोकदार ‘स्फुझातो’ लिंबू पिकतं. त्याला भौगोलिक मानांकन आहे. हे काम यंत्रानं होत नाही. भिंत ढासळली की हातानंच रचावी लागते, आणि शेत सोडलं गेलं की काही वर्षांत भिंतीला फुगवटा येऊन ती पडते. म्हणून तिथली लिंबं आणि लिंबाचे पदार्थ घेताना ‘लिमोने कोस्ता द’अमाल्फी’ हे मानांकन पाहून घ्या; तो पैसा थेट त्या भिंतींना लागतो असं आम्ही मानतो. मायोरी ते मिनोरी ही ‘लिंबांची वाट’ तासा-दीड तासात होते आणि या बागा अगदी हातभर अंतरावरून दाखवते.

प्रश्न : पेस्तुमला अर्धा दिवस पुरतो का? काय, कोणत्या क्रमानं पाहावं?

पुरतो, पण पूर्ण दिवस दिलात तर सोनं होईल. सालेर्नोहून लोकल रेल्वेनं अर्ध्या तासाच्या आसपास. स्टेशन लहान आहे, तेव्हा परतीचं तिकीट सालेर्नोतच काढा आणि परतीच्या गाड्यांच्या वेळा टिपून ठेवा. दोन गाड्यांमध्ये बराच खंड असू शकतो. कागदी तिकिटावर फलाटावरच्या यंत्रात शिक्का मारा. स्टेशनाबाहेर समोरच तटबंदीतली पोर्ता सिरेना ही वेस लागते. तिच्यातून सरळ चालत गेलं की दहा-पंधरा मिनिटांत भग्नावशेष. ही तटबंदी जवळपास पावणेपाच किलोमीटरची आहे.

इ. स. पूर्व ६००च्या सुमारास सिबारिसच्या ग्रीकांनी पोसिदोनिया वसवलं. पुढे लुकानियन हे इटलीतलेच लोक आले, मग २७३मध्ये रोमन, आणि त्यांनी पेस्तुम हे नाव दिलं. तीन देवळं बांधणीच्या क्रमानं पाहा, म्हणजे शंभर वर्षांत हात कसा बसत गेला ते दिसतं. पहिलं दक्षिणेचं हेराचं देऊळ, इ. स. पूर्व ५५०च्या आसपासचं. पाट्यांवर त्याला ‘बासिलिका’ म्हटलेलं असेल, १८व्या शतकातल्या अभ्यासकांच्या गैरसमजातून. समोर नऊ खांब मोजा. विषम संख्येमुळे अगदी मधोमध खांब येतो आणि गाभाऱ्यातही मधून खांबांची ओळ जाते. खांब मध्यभागी फुगलेले, माथे चपट्या थाळीसारखे. मग उत्तर टोकाला चालत जाऊन अथेनाचं देऊळ, इ. स. पूर्व ५००च्या सुमाराचं, सहा बाय तेरा खांबांचं. बाहेरचे खांब साध्या माथ्याच्या दोरिक शैलीचे, पण आतल्या ओवरीत वळ्यांच्या माथ्याचे आयोनिक होते. परत दक्षिणेला येऊन ‘नेपच्यूनचं’ म्हणून ओळखलं जाणारं, इ. स. पूर्व ४६०च्या आसपासचं : सहा बाय चौदा, आत एकावर एक अशा दोन मजली खांबांच्या ओळी अजून उभ्या. ग्रीक जगातलं इतकं शाबूत देऊळ क्वचितच पाहायला मिळतं.

ही देवळं वाचली कशी? पाण्याचा निचरा बिघडला, दलदल झाली, मलेरिया आला, आणि मध्ययुगाच्या सुरुवातीला लोक डोंगरावरच्या कापाच्चोकडे निघून गेले. नवं शहर वर न उभं राहिल्यानं जुनं टिकलं. सालेर्नोच्या कॅथेड्रलच्या अंगणातले प्राचीन खांब इथूनच नेले असं परंपरेनं सांगतात.

आवारात सावली नाही. उन्हाळ्यात सकाळी आत शिरा, अकरानंतर वस्तुसंग्रहालयात या. तिथे सर्वांत आधी ‘पाणबुड्याचं थडगं’ पाहा. १९६८मध्ये मारिओ नापोली यांना शहराबाहेरच्या दफनभूमीत ते सापडलं, इ. स. पूर्व ४८० ते ४७०च्या दरम्यानचं. चार बाजूंच्या शिळांवर मेजवानीचं चित्र आणि झाकणाच्या आतल्या बाजूला, म्हणजे मृताच्या डोळ्यांसमोर येईल असा, पाण्यात सूर मारणारा तरुण. त्या काळातलं ग्रीक भित्तिचित्र जवळपास उरलेलंच नाही, म्हणून या पाच शिळांचं मोल फार मोठं आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी संग्रहालयं मोफत असतात; पैसे वाचतात, पण शांतता मिळत नाही.

प्रश्न : आम्ही पूर्ण शाकाहारी आहोत. तिथे चीज चालेल का?

इथे नीट सांगायला हवं. सेलेच्या खोऱ्यातलं म्हशीच्या दुधाचं मोझारेल्ला प्रसिद्ध आहे. पेस्तुमच्या आसपास म्हशींचे गोठे आणि चीजघरं भरपूर. पण मानांकित ‘मोझारेल्ला दी बुफाला काम्पाना’मध्ये दूध फाडायला वासराच्या पोटातलं विरजण वापरतात, तसा नियमच आहे. पार्मिजानोचंही तेच. हे चालत नसेल तर पिझ्झा मारिनारा मागवा : टोमॅटो, लसूण, ओरेगॅनो, तेल, चीज नाहीच. चिलेन्तोत ‘लागाने ए चेची’ म्हणजे रुंद पट्ट्यांचा पास्ता आणि हरभरे, हे पोटभरीचं जेवण. ‘चांबोत्ता’ ही वांगी, बटाटे, ढोबळी मिरचीची भाजी. घेवड्याच्या पास्त्यात मात्र डुकराची चरबी असू शकते, विचारूनच घ्या.

मोठा धोका अँचोव्ही माशाचा, कारण तो दिसत नाही. चेतारा गावात खारवलेल्या अँचोव्हींपासून ‘कोलातुरा’ नावाचा तांबूस अर्क काढतात. चेस्टनटच्या लाकडी पिंपात मीठ आणि मासे थरांनी रचून, वर वजन ठेवून, महिनोन्‌महिने मुरवलेला. पास्त्यावर, भाजीवर चमचाभर घातला तरी पदार्थ साधाच दिसतो. मागवताना ‘सेन्त्सा कार्ने, सेन्त्सा पेशे, सेन्त्सा अलीची, सेन्त्सा कोलातुरा’ असं म्हणा : मांस, मासे, अँचोव्ही, कोलातुरा नको. नुसतं ‘शाकाहारी’ म्हटलं तर मासा चालतो असं समजणारे आचारी भेटतात.

ज्यांना मोझारेल्ला चालतं त्यांनी ते सकाळी चीजघरातूनच घ्यावं. ते त्याच्या पाण्यातच ठेवा, फ्रीजमध्ये घालू नका, आणि त्याच दिवशी संपवा. गार झालं की चिवट होतं आणि चवही बसते.

प्रश्न : आईवडील साठीपुढचे आहेत. ‘देवांची वाट’ ही डोंगरातली पायवाट त्यांना झेपेल?

गुडघे ठीक असतील आणि उंचीची भीती नसेल तर झेपेल, पण दिशा नीट निवडा. बोमेरानोहून (हे गाव नेपल्सच्या हद्दीतल्या आजेरोलात येतं) नोचेल्लेकडे चाला. बोमेरानो सव्वासहाशे मीटरवर, नोचेल्ले साडेचारशेच्या आत, त्यामुळे एकंदर उतारच. अमाल्फीहून आजेरोलाची बस मिळते. सहा-सात किलोमीटर, थांबत थांबत तीन तास; प्रत्येकी दीड लिटर पाणी आणि पकड असलेले बूट. आईवडिलांचा खरा कस लागतो तो नोचेल्लेनंतर : तिथून समुद्रापर्यंत दीड हजारांहून जास्त पायऱ्या आहेत. त्यांना त्या उतरायला लावू नका, नोचेल्लेहून बसनं पोझितानोला आणा.

प्रश्न : सालेर्नोत पावसाचा दिवस निघाला तर काय पाहावं?

नॉर्मन सरदार रोबेर्तो ग्विस्कार्दोनं ११व्या शतकात उभारलेलं कॅथेड्रल आणि त्याचं तळघर. संत मॅथ्यूचे अवशेष तिथे मानले जातात, आणि पोप ग्रेगरी सातव्याची समाधी वर चर्चमध्ये आहे. मग जवळच्या संग्रहालयातली बायबलच्या कथांची हस्तिदंती शिल्पं. पाऊस उघडला तर जारदिनो देल्ला मिनेर्व्हा : युरोपात नावाजलेल्या सालेर्नोच्या वैद्यकशाळेशी नातं सांगणारी, पायऱ्यांवर रचलेली औषधी वनस्पतींची बाग.

प्रश्न : वेलिया आणि पादुला गाडीशिवाय होतील?

वेलिया सहज, पादुला थोड्या चिकाटीनं. वेलियासाठी लोकलनं आशेआ स्टेशनवर उतरा, तिथून स्थानिक बस किंवा टॅक्सी. अंतर थोडंच आहे. पार्मेनिदीस आणि झेनो या ग्रीक तत्त्वज्ञांचं हे प्राचीन गाव. वर चढून पोर्ता रोझापर्यंत जा : १९६४मध्ये सापडलेली ही दगडी कमान इ. स. पूर्व चौथ्या शतकातली धरली जाते. चढावर ऊन लागतं, टोपी घ्या.

पादुलाला रेल्वे होती, पण तो फाटा १९८७पासून बंद आहे. सालेर्नोहून बसनं जा, आणि परतीची शेवटची बस कधी आहे ते चढतानाच चालकाला विचारा. रविवारी फेऱ्या फार कमी. तिथला सान लोरेन्त्सो मठ तोम्मासो सान्सेव्हेरिनोनं १३०६मध्ये स्थापला. मोठं अंगण सुमारे बारा हजार चौरस मीटरचं, भोवती ८४ खांब. दोन तास हवेतच. गाडी असेल तर त्याच दिवशी पेर्तोझाची गुहा जोडता येते. तिथे आत बोटीनं भूमिगत नदीवरून जातात. आत बाराही महिने गारवा असतो, म्हणून ऑगस्टातसुद्धा अंगात घालायला काहीतरी जाड न्या.